वरचे चार

हर्षाली तीन वर्षांची असताना
धुळ्याला तिचे वरचे चार दात काढले.
"दूधना दात शेतस, पडतीनच,"
अमळनेरची आमची सगळी गल्ली सांगायची.
मी डाळमिलच्या रात्रपाळीला,
बाटलीत दूध, दुधात साखर,
उजाडेपर्यंत बाटली तोंडात तशीच.
पोर रडत नव्हती. आम्हाला तेवढंच हवं होतं.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत,
ट्रे पुढे केला फक्त.
असले काळे खडे
मी रोज तुरीतून वेचून टाकते,
नजर सुटत नाही एकावरून.

अजून 'साखर' म्हणताना
तिच्या तोंडातून नुसती फुंकर निसटते.

आता धाकट्याला खाली दोन दात आलेत.
बाटलीत शिलाई मशीनचं तेल भरून ठेवलंय.
शेवटचं दूध पाजलं की
हर्षाली ओलं फडकं बोटाला गुंडाळते,
मोबाईलचा उजेड धरते,
"तोंड उघाड रे भो."
तो चावतो. ती हसते, सगळी फट दाखवत.
दोन कण पांढरे. मोजून होतात.

मग उजेड माझ्याकडे वळतो.
"माय, तुनं बी दखाड."

मिसरीची डबी कमरेला.
मी ओठ मिटून घेते.
ती उजेड हलवत नाही.