फोरसम

बाबा संध्याकाळी घरी इंग्रजी घेऊन यायचे,
बुटांना चिकटलेल्या गवतासारखं,
आणि उंबऱ्यावर झटकायचे.
"आज टूसम. काल कपाडियांचा थ्रीसम,
अठरा भोकं, आणि टीप चिल्लर."

आई भाकरी थापता थापता हिशेब घ्यायची.
फोरसम म्हणजे किती माणसं?
"चार."
आणि पिशव्या उचलणारे?
"चार."
मग आठ झाले की.
"छे. क्याडींना धरत नाहीत."
तव्यावरची भाकरी तिनं जरा जोरात उलटली.

बाबा सातवी पास, पण या शब्दांबाबत कडक.
निम्मे मेंबर चुकीचं बोलतात, म्हणायचे,
चौघं दिसले की फोरसम!
चार चेंडू असले तर तो फोरबॉल.
फोरसममध्ये चेंडू दोनच,
दोघांत एक.
एकानं मारायचा, पडेल तिथून दुसऱ्यानं,
झाडीत का असेना, वाळूत का असेना,
आधीच्याला शिवी न देता.
आई म्हणाली, एवढंच होय,
हे आपण घाटल्याच्या खोलीत एकवीस वर्षं खेळतोय,
आणि वाळूतून नेहमी मीच काढतेय.

मी एक वही केली होती.
डाव्या पानावर त्यांचे शब्द, उजव्यावर आपले.
टूसम: जोडी, जोडगोळी.
थ्रीसम: तिघं, आणि तीन तिघाडा काम बिघाडा.
फोरसम: चौकडी, पण आपल्याकडे चौकडीला
आधी चांडाळ लागतात.
पार्टी कुठल्याच पानावर नीट बसेना:
हॉटेलात ती सहा जणांची,
कोर्टात एकट्याचीही,
आमच्या गल्लीत निवडणुकीला उभी.
आणि ते "चार लोक", जे फक्त काय म्हणतील तेवढंच करतात,
त्यांना इंग्रजीत काय म्हणतात?
"ते इकडे खेळायला येत नाहीत," बाबा म्हणाले.

कॉलेजच्या पहिल्या वर्षी मॅडमनी विचारलं,
वडील काय करतात.
मी ताठ उभी राहून, पूर्ण वाक्यात:
माय फादर वर्क्स विथ थ्रीसम्स.
मागचे बाक कोसळले.
मॅडम खिडकीबाहेर काहीतरी शोधू लागल्या.
अर्थ कँटीनमध्ये वेर्णेकरनं कानात सांगितला
आणि माझा चहा तसाच राहिला.
घरी काही बोलले नाही.
वहीत त्या ओळीपुढे फक्त लिहिलं: जपून.

"सिंगल"पुढची जागा मी रिकामी ठेवली होती.
जुना नियम आहे, बाबा सांगायचे,
एकट्याला मैदानावर मान नाही.
मागून जोडी आली तर बाजूला व्हायचं,
त्यांना पुढे जाऊ द्यायचं.
आता टिळकनगरला, लिफ्टमध्ये,
शेजारीण विचारते, "एकट्याच?"
मी बाजूला होते.

सोमवारी मेंबर नसतात.
निवृत्तीच्या आधीच्या सोमवारी बाबा खेळायला उतरले,
जॉकिम, सुलेमानचाचा आणि धाकटा तुळसकर,
कुणाची टाकून दिलेली काठी, कुणाची चिकटपट्टी गुंडाळलेली,
पिशवी ज्याची त्याच्याच खांद्यावर.
खरा फोरसम, दोन चेंडूंचा.
माहुलच्या चिमण्यांकडे तोंड करून बाबांनी पहिला मारला
आणि तो सरळ वाळूत.
तीस वर्षांचा नियम मोडून
जॉकिमनं गावच्या बोलीत अशी शिवी घातली
की माळी पाइप सोडून बघत राहिला.
बाबा हसता हसता खालीच बसले.

आम्ही दोघी डबा घेऊन जांभळाखाली.
आईनं बोट फिरवून मोजलं,
चौघं, मग मी, मग स्वतः.
"सहा!" तिनं हाक दिली.
"सहाला शब्द नाही," बाबा वाळूतून ओरडले,
"पाचालासुद्धा परवानगी नाही!"
"नसू दे," आई डब्याचं झाकण काढत म्हणाली,
"भाकऱ्या बारा आहेत."