एक्केचाळीस नंबरचा पडदा

रबाळे एमआयडीसी. खाली रंगाचा कारखाना, वर आम्ही.
आमच्या चहालाही ॲसिटोनचा वास येतो,
पाहुणे अर्धा कप टाकून उठतात.

तुळशीराम मढवी काचेची भांडी धुतात.
तीनदा नळाच्या पाण्यानं, तीनदा डिस्टिल्डनं,
मग उलटी मांडतात ओळीनं,
बोंबील सुकत घालावेत तशी.

एका सकाळी दिवागावच्या खाडीवरून येताना
त्यांनी खिशातून तिवराचं पान काढलं.
चाटून बघा, मॅडम.
मी पीएचडी आहे, मी वस्तू चाटत नाही.
चाटलं.
खारट.
"बरंचसं मुळाशीच अडवतं.
चुकून आत आलं तेवढं पानातून बाहेर टाकतं.
आमचा बाप तीस वर्षं मिठागरात होता,
त्याला नाही जमलं."

इरावती पोंक्षे ठाण्याहून आली, वनस्पतीवाली,
गुडघ्यापर्यंत चिखल, पिशवीत मुळं.
ब्लेडनं इतका पातळ काप काढला
की श्वास सोडायची भीती वाटावी.
भिंगाखाली एकात एक थर,
थरांना भोकं, भोकांच्या कडांना विद्युतभार.
मीठ दारापर्यंत येतं आणि तिथंच थांबतं.
कोणी ढकलत नाही. कोणी "नाही" म्हणत नाही.

आम्ही नक्कल करायला बसलो.
पॉलिमर विरघळवायचा, काचेवर पसरायचा,
पाण्यात बुडवला की दुधावरच्या सायीसारखा धरतो.
पहिला पडदा फाटला. नववा गळला.
सतरावा इतका सुंदर झाला
की त्यातून काहीच जाईना.
आणि मूळची अडचण तशीच:
झाडाला आत येणारं अडवायचंय,
आम्हाला आत साचलेलं बाहेर सोडायचंय.
दार तेच. आम्ही उलट्या बाजूला उभे.

सोमवार, बुधवार, शुक्रवार
मढवी पावणेदोनला हात पुसतात आणि जातात.
दोन वर्षं मी रजिस्टरवर सही केली.
विचारलं नाही.

वापरलेल्या गाळण्या मागायला कोपरखैरण्याला गेले,
तिसरा मजला, डायलिसिस, अकरा खुर्च्या.
सहाव्या खुर्चीत ते.
नळीतून लाल काहीतरी हळूहळू फिरत होतं,
ते त्यांचंच होतं.
"हाच का आपला पडदा?"
नाही, हा बाहेरचा.
"मग आपला कधी?"
मी पंख्याकडे बघितलं.
उशाशी आहाराचा कागद:
पापड बंद, लोणचं बंद, सुकट बंद,
मीठ चिमूटभर, शक्यतो तेही नको.
मिठागराच्या पोराला.

एक्केचाळीस नंबर.
युरिया निघून गेला. प्रथिनं राहिली.
आम्ही सगळे उभे राहून आकडे बघत होतो,
खालच्या कारखान्याचा भोंगाही कोणी ऐकला नाही.
मग बकऱ्याचं रक्त घेतलं, तुर्भ्याहून, बर्फात आणलेलं.
वीस मिनिटं ठीक.
तिसाव्याला कडेनं काळपट दोरा.
पस्तिसाव्याला सगळं गोठलं,
पंप एकदा कण्हला आणि बंद.

मढवींनीच ती नळी धुतली.
तीनदा, तीनदा.
गुठळी बोटानं सोडवत म्हणाले,
"तिवराला रक्त नसतं, मॅडम.
त्याला काय ठाऊक."

पेपर छापून आला. मुळाचा काप मुखपृष्ठावर,
संध्याकाळच्या खाडीसारखा जांभळा,
रंग अर्थात आम्हीच भरलेला.
गुठळीबद्दल दीड ओळ, शेवटून दुसऱ्या परिच्छेदात.
सगळ्यात खाली आभार: टी. माधवी, काचसामान.
मी त्यांना दाखवलं.
"ही कोण बाई?" म्हणाले,
आणि इतके हसले की स्टुलावर बसावं लागलं.
पाय सुजलेले. चपलेचा पट्टा
शेवटच्या भोकात.

आज शुक्रवार.
बेचाळीसावा पडदा ताटलीत पाणी पितोय.
मढवींनी वर झाकण ठेवलं,
झाकणावर चिठ्ठी, स्वतःच्या अक्षरात:
हात लावू नये.
मग घड्याळ बघितलं,
हात पुसले.