काठीचं शेत

इद्वल म्हणतो, तो आला तेव्हा बर्फ होतं.
नव्हतं. मेंढ्यांची कातरणी चालू होती,
माझे हात कोपरापर्यंत लोकरीच्या तेलाने माखलेले,
आणि टेकडी चढून वर आली
एक शववाहिका.
पुरुषांनी टोप्या काढल्या.
आत मढं नव्हतं. एक शिडी, चार खुर्च्या,
पुढच्या सीटवर एक लंगडी हंसीण.

गॉडफ्री थ्रेल. इंग्लंडातल्या कुठल्याशा सपाट मुलखाचा,
जिथे म्हणे रस्त्याला चढच नसतो.
पहिला हिवाळा त्या गाडीतच काढला त्याने,
पुढे तिच्यातूनच अंडी विकायचा.
टेग्वेनच्या आईने मरेपर्यंत
त्याचं एक अंडं घरात घेतलं नाही.

रविवारी प्रार्थनेला आत यायचा नाही.
भिंतीला पाठ लावून बाहेर भिजत उभा,
आमचं गाणं संपेपर्यंत.
आत ये म्हटलं, तर म्हणे,
आत आलो की मला माझाच आवाज ऐकू येतो.

मग त्याला शेतांचं वेड लागलं.
आमच्या वेल्श भाषेत शेताला 'काय' म्हणतात.
हे काय, ते काय, करत
दारोदार हिंडायचा, कानामागे खडू.
आम्ही सांगायचो. कधी खरं, कधी थापा.
पोरांनी एका तुकड्याचं नाव
'पाद्रीबाबाची चड्डी' सांगितलं.
तेही त्याने लिहिलं.
छपराच्या जुन्या पाट्यांवर खिळ्याने कोरून
फाटकाफाटकाला तारेने बांधली सगळी नावं,
निम्मी चुकीची.
'काय फनॉन', म्हणजे विहिरीचं शेत,
त्याच्या हातून 'काय फॉन' झालं. काठीचं.
माझा बाप चार दिवस चिडून होता,
पाटी मात्र काढली नाही.

गेला तेव्हा त्याच्याच गाडीतून नेला.
कितीही झाडली तरी
पेंढ्यातून अंड्यांची टरफलं निघत राहिली.
एक बाई आली होती, त्याच्याच नाकाची.
इद्वल म्हणतो बहीण. मी म्हणेन मुलगी.
त्या चड्डीच्या फाटकापाशी थांबली बराच वेळ.
वाचता येत नसणार तिला.
खांदे हलत होते,
हसत होती की काय कोण जाणे,
पाठमोरी होती.

परवा भाचा आला कार्डिफहून.
मेंढी कुठे व्यायलीय, म्हणाला.
मी म्हणाले, काठीच्या शेतात.
गेला, आणि बरोबर पोचला.

विहीर तशी कधीचीच बुजलीय.