गोणपाट

सकाळी सात चाळीसला
हॉस्पिटलच्या मागच्या दाराने बाहेर पडते
आणि लगेच काळा चष्मा लावते.
कंडक्टर विचारतो, डोळे आलेत का ताई?
नाही हो, म्हणते, डोळे घरी न्यायचेत,
वाटेत उघडायचे नाहीत.

रात्रभर एकशे बारा नळ्या फिरवल्या.
रक्त खाली बसतं, पिवळं पाणी वर राहतं.
माझं मात्र काहीच खाली बसत नाही.
कोपरखैरण्याच्या सिग्नलपर्यंत
सेंट्रिफ्यूज कानात गरगरत असतं.

घरी शिरताना चपला हातात.
बेलमधले सेल काढून ताटाळ्यात.
मोबाइल तांदळाच्या डब्यात, झाकण घट्ट
(एकदा तांदूळ थरथरले होते,
कर्ज हवंय का विचारत).
पाय गार पाण्यात, दोन मिनिटं.
नाचणीची पेज, अर्धी वाटी. चहा नाही.
पहाटे तीननंतर चहा म्हणजे विष,
हे शिकायला अकरा वर्षं लागली.

मग मी आडवी होते
आणि सेक्टर उठतो.
सामायिक भिंतीत कोणीतरी ड्रिल घालतं.
भंगारवाल्याचा स्पीकर गल्लीगल्लीत
फ्रिज मागतो, कूलर मागतो, जुनी बॅटरी मागतो.
कुकरच्या शिट्ट्या पाठ आहेत:
पवारांकडे तीन, वरण.
सोनावण्यांकडे सात,
म्हणजे राजमा, नाहीतर भांडण.
मिटल्या पापणीतून उजेड लालभडक दिसतो.
ते माझंच रक्त.
ही नळी कोणी तपासायला पाठवत नाही.

नणंद म्हणाली, दिवसाढवळ्या झोपतात
त्या घरात लक्ष्मी टिकत नाही.
म्हटलं, ती रात्रपाळीला असेल.

वरच्या मजल्यावरचे हिंदुराव घाडगे
कांदा-बटाटा मार्केटात एकतीस वर्षं माथाडी.
रात्री दोनपासून ट्रक रिकामे करायचे.
मानेमागे अजून गोणीएवढी सपाट जागा आहे.
एका दुपारी दार उघडलं तर
समोर उभे, काखेत दोन गोणपाटं.
दार वाजवलंच नव्हतं.
कधीपासून उभे होते, सांगितलं नाही.
"पडदा काय कामाचा, पोरी.
पडदा उजेडाला भितो. हे लाव.
उजेड आत आला की झोप भायेर जाती,
दोघांचं एका खोलीत जमत न्हाई."

खिळे त्यांनीच ठोकले,
पण संध्याकाळी सहानंतर, मी उठल्यावर.

आता सकाळी दहाला माझ्या खोलीत
बटाट्याच्या मातीचा वास असतो.
विणीतून उजेड येतो,
पण चाळलेला, मोहरीएवढा.
ड्रिल असतंच. भंगारवाला असतोच.
ते वर, जमिनीवर. मी खाली.
बटाट्यालाही डोळे असतात,
ते मिटूनच तो जाड होतो.

चार तास. कधी पाच.
एकदा साडेसहा झाली, तर घाबरून उठले,
स्वतःची नाडी बघितली.

ओजस शाळेतून येतो,
दप्तर जमिनीवर अंड्यासारखं ठेवतो.
मी डोळे उघडेपर्यंत उशाशी गणितं सोडवतो,
मग विचारतो,
आई, ही कालची झोप होती की उद्याची?
बोटांवर हिशेब करून बघते.
येत नाही.

रात्री साडेआठला निघते तेव्हा
हिंदुराव जिन्यात बसलेले असतात,
गुडघ्यांवर हात, डोळे टक्क.
सुटून नऊ वर्षं झाली,
अंग अजून दोन वाजता ट्रक शोधतं.
त्यांच्या खिडकीला कोणतं गोणपाट लावावं,
मला माहीत नाही.
एकदा विचारलं, झोपत का नाही काका?
"झोपीन की. तू ये तर आधी."

पर्समध्ये काळा चष्मा आहे ना, चाचपते.
रस्त्यावर दिवे लागलेत.
बस येताना दिसते.