अखर्चित

एकतीस मार्च. धुळं बेचाळीस अंशांवर.
जेलच्या लेखा शाखेत पंखा फिरतो
तो कागद उडवण्यापुरताच,
म्हणून खैरनारांनी गठ्ठ्यागठ्ठ्यावर ठेवलेत
पांझरेतले गोटे, गुळगुळीत.

पैसे मागितले होते आषाढात.
आले सत्तावीस तारखेला.
शीर्ष : बंदीजन व्यसनमुक्ती उपचार, पहिला हप्ता.
दुसऱ्याचा विषय कुणी काढत नाही,
मोडलेल्या सोयरिकीसारखा.

चार दिवसांत काय घेता येतं?
खुर्च्या घेता येतात. बारा घेतल्या.
एक फलक : नशा हे नाशाचं मुळ.
उकार ऱ्हस्व पडलाय, दुरुस्तीला वेळ नव्हता,
तसाच टांगला बराक दोनच्या भिंतीवर.
गोळ्या घेता येत नाहीत.
गोळ्यांना तीन दरपत्रकं लागतात,
तिसरा दुकानदार लग्नाला गेलाय चाळीसगावला.

मी इथली समुपदेशक, अकरा महिन्यांच्या करारावर.
करारही आजच संपतो,
पण त्याला रकाना नाही.
लाभार्थी : चौतीस.
बोटांवर मोजून बघते,
दरवेळी उखापाशी अडते.

उखा मोतीराम महाजन, नरडाण्याचा, कच्चा कैदी.
विहिरीवरच्या मोटारीची तांब्याची तार
किलोवर विकली, त्याच दुपारी प्याला.
कार्तिकात आत आला.
तिसऱ्या रात्री त्याला भिंतीवर मुंग्या दिसायला लागल्या,
लाल, पायाला पाय लावून, छतापर्यंत.
त्या तो पुसत राहिला, तळहात सोलेपर्यंत.
औषधाच्या कपाटात खोकल्याचं औषध होतं, आणि आयोडीन.
सिव्हिलला न्यायला गार्द नव्हती, गार्द बंदोबस्ताला.
तेव्हा हुसेन तडवी, आमचा कंपाउंडर,
त्याचं मनगट धरून बसला उजाडेपर्यंत,
दर अर्ध्या तासाला साखर-मिठाचं पाणी,
चमच्याने, ओठांच्या फटीतून.
वाचला.
पुस्तकात याला उपचार म्हणत नाहीत. नशीब म्हणतात.
मी अहवालात लिहिलं : रुग्णाची प्रकृती समाधानकारक.

आज दुपारी उखाचा जामीन झाला.
सामान घ्यायला आला लेखा शाखेत :
पट्टा, चाळीस रुपये, तुटक्या काचेचा मोबाइल.
मी म्हटलं, बसा.
प्लास्टिक न काढलेल्या खुर्चीवर तो बसला,
खुर्ची कुरकुरली, तो दचकला, मग हसला.
"मॅडम, या खुर्च्यास्ना पैसा कोना शेतस?"
सरकारचे, मी म्हटलं.
"मंग सरकारले कोठून येतस?"
मी गप्प.
खैरनार मान वर न करता म्हणाले,
येतात अरे, करातून. दारूवरचाही कर असतो.
उखाने जरा हिशेब केला.
वीस वर्षं, रोजची दोन क्वार्टर, सणासुदीची वेगळी.
"मंग बारा खुर्च्यासमाईन एखादी ते मन्हीच शे."
आणि टेकून बसला, पहिल्यांदाच,
मालकासारखा.

वहीत सही केली.
कार्तिकातली त्याची सही बाभळीच्या काट्यांचं कुंपण.
ही सरळ. म चा कानासुद्धा उभा.
एकशे सदतीस दिवस.
मी दोन्ही पानं समोरासमोर धरून पाहिली,
खैरनारांना दाखवणार होते,
ते बेरीज करत होते.

फाटकातून डावीकडे एसटीची वाट.
उजवीकडे दुकान, परवानाधारक, सरकारी पाटीचं,
उघडं.
आमच्या खिडकीतून रस्ता दिसत नाही.
नुसता बिजागरीचा आवाज आला,
मग भोंगा, मग काहीच नाही.

"अखर्चित शिल्लक किती टाकू?" खैरनार.
निरंक, मी म्हटलं.
त्यांनी टाकलं. शिक्का मारला. गोटा उचलला.

तेवढ्यात तडवी दारात,
हातात किराणा दुकानाची चिठ्ठी, घडी पडलेली,
कार्तिकातली.
साखर, दोन किलो. मीठ, एक पुडा.
"भाऊसाहेब, हे माझ्या खिशातून गेलं होतं.
कुठे बसतं का बघा."
खैरनारांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.
"पोर्टल बंद झालं रे," म्हणाले,
"आत्ताच."