मचूळ

शिरगावात आमच्या माडीवरची खोली
मत्स्य कॉलेजच्या पोरींना देतो आम्ही, वर्षानुवर्षं.
लातूरची आली, नांदेडची आली,
बांगडा कुठला नि सौंदाळा कुठला न कळणारी आली,
शिकून गेली.
या खेपेला मलावीची.
पोलिसांच्या फॉर्मवर देशाचं नाव
मी मालदीव लिहिलं,
ह्यांनी ते मालवण वाचलं.
तिने पेन मागून घेतलं
आणि न हसता नीट केलं.

नाव तदाला.
भाटकरीणबाईंनी कुंपणापलीकडून त्याचं ताडाला केलं
आणि दोन दिवसांत ती त्या हाकेलाही ओ द्यायला लागली.
बाकी बोलणं म्हणजे साबणाची वडी,
रोज थोडं झिजलेलं.
जिन्यावर ताट झाकून ठेवायची मी.
ताट घासून परत यायचं,
भात वाटीत तसाच.
सोलकढी चालेना की आम्हीच चालेना,
हे विचारण्याइतकं इंग्रजी माझ्याकडे नव्हतं,
आणि मराठीत तरी असं कुठे विचारतात कुणाला.

रात्री वर पावलं वाजायची.
पलंगापासून खिडकीपर्यंत सात,
परत सात.
तिकडे घड्याळ साडेतीन तास मागे.
पावलं थांबली की ह्यांना सांगायची,
लागला फोन तिच्या आईचा, झोपा आता.

एका रविवारी मिरकरवाड्याला नेलं,
कॉलेजच्या जाड पुस्तकातली मासळी
निदान ओली तरी बघेल म्हणून.
सुरमईकडे बघितलंनही नाही.
हलीमाबीच्या सुकटीच्या पाटीपाशी थबकली,
वाकून नाक घातलंन त्या बारक्या वाळक्या मासळीत
आणि म्हणाली, उसिपा.
मग जी बोलत सुटली,
हातवाऱ्यांनी, अर्ध्या इंग्रजीत, अर्ध्या कशात देव जाणे:
त्यांच्या देशाला समुद्र नाहीच,
तळं आहे, पलीकडचा काठ न दिसणारं,
लाटा आहेत, होड्या आहेत, बुडालेला एक मामा आहे,
आणि तळ्याला नि समुद्राला त्यांच्यात
शब्द एकच.
हलीमाबीने ऐकून घेतलं सगळं,
मूठभर सुकट वर टाकली,
पैसे मात्र पुरते घेतले.

येताना भाट्याला उतरलो.
ओंजळ भरून तोंडाला लावलीन तिने,
थुंकली.
माहीत होतं तिला, खाऱ्यावरच तर परीक्षा होती परवा.
हजारात पस्तीस भाग मीठ,
वहीत लिहिलेलं,
जिभेला कुणी कळवलं नव्हतं.

मक्याच्या पिठासाठी हे अख्खी मारुती आळी फिरले.
शिजवलंन ते घट्ट, पांढरं, लाकडी पळीने घोटून घोटून.
आम्ही त्याला उकड म्हटलं,
ती नाही म्हणाली.
बोटांनी गोळा करून सुकटीच्या कालवणात बुडवलान,
आणि पहिल्यांदा ताट पुसल्यागत परत आलं.

एस्टीत एकाने न विचारता फोटो काढला तिचा,
दुसऱ्याने केसांना हात लावून बघितला.
घरी येऊन विचारते,
नो ला मराठीत काय?
मी म्हटलं, नको.
भाटकरीण कुंपणावरून ओरडली,
नको कसलं गो, हाड शिकव.
दोन्ही शिकली.

मार्चात तिच्या टाकीतली कोळंबीची पिल्लं
एका रात्रीत मेली सगळी.
त्या दिवशी पावलं वाजली नाहीत.
मी जिन्यावर बसून राहिले,
वर जावं की नाही ठरवत,
आणि गेले नाही.
हे अजून टोचतं.
सकाळी माझ्याआधी उठून कॉलेजात गेली होती,
नवी पिल्लं सोडायला.

परवा मेच्या अखेरीस मी चुलीशी,
रहाटाचा आवाज आला, मग थांबला.
परसातून हाक,
काकी, पाणी मचूळ झालं.
धावत गेले.
ओठ अजून ओले होते तिचे.
हा शब्द मी नव्हता दिलेला,
भाटकरीण म्हणते, मीही नाही.
मी चाखून बघितलं.
होतंच.