चोवीस झाकणं

पीचट्री सिटीत माणसं दूध आणायलाही
गोल्फकार्टनं जातात.
पाइनच्या झाडीतून अरुंद डांबरी वाटा,
त्यांना स्वतःचे पूल, स्वतःचे बोगदे.
गोल्फ खेळताना मात्र फारसं कुणी दिसत नाही.

शेजारच्या लॉरेटाची गाडी चढावर धापा टाकायची.
"दमलीय," ती म्हणाली. "माझ्यासारखीच."
मी सीट उचललं.
खाली सहा बॅटऱ्या, आठ-आठ व्होल्टच्या.
अठ्ठेचाळीस.

अठ्ठेचाळीस!
वाईच्या टेलिफोन एक्स्चेंजात एकोणतीस वर्षं
याच आकड्याची राखण केली मी.
दोन-दोन व्होल्टची चोवीस घरं,
दारावर 'विडी ओढू नये',
आत घशाला खवखवणारी आंबूस हवा.
गावात कुणी कुणाला हॅलो म्हटलं
तर ते माझ्या ॲसिडमधून गेलेलं असायचं.
इथली झाकणं मोजली.
चोवीसच.

प्रत्येक बॅटरीवर मळकी पांढरी पट्टी
आणि निळ्या शाईत तारीख, सहा वर्षांपूर्वीची.
"हार्लनचं अक्षर," ती म्हणाली.
"किती टिकतात रे या?"
चार वर्षं. निगा राखली तर सहा.
त्यानं राखली होती. हत्यारांच्या पेटीत वही सापडली,
महिन्याला एक ओळ, गेल्या ऑक्टोबरपर्यंत.
पुढची पानं कोरी.

मग मी माझ्या तोडक्यामोडक्या इंग्रजीत सुरू झालो:
पत्रांच्या पेटीपर्यंत जाऊन आलीस
तरी रात्री चार्जरला लावायची.
अर्ध्याच्या खाली उतरू द्यायची नाही.
पाणी चार्ज झाल्यावर. आधी घातलंस
तर दुधासारखं उतू जाईल.
नळाचं तर मुळीच नको
(शाळेच्या पुस्तकात ज्याला ऊर्ध्वपातित म्हणायचे
ते इथे गॅलनच्या कॅनमध्ये, सरबतांशेजारी मिळतं).
प्लेटी बुडून बोटाचं अर्धं पेर वर आलं की थांब.
काठोकाठ भरणं म्हणजे माया नव्हे.
टोकांवर हिरवट बुरशी धरली तर
खायचा सोडा आणि जुना टूथब्रश.

"हार्लन हेच सांगायचा," ती म्हणाली.
"मी कुठं ऐकत होते. म्हटलं, तो आहे ना."

हायड्रोमीटर लावला. तेवीस घरांत
बाराशे तीसच्या आसपास, थकलेला पण खरा आकडा.
चोविसाव्यात काचेतला तरंगा
तळाशी बसून राहिला. उठेचना.

"तेवढी एकच बदल की."
नाही गं. पाच म्हाताऱ्यांत एक तरणी बसवली
तर वर्षात ती त्यांच्या वयाची होते.
सहाच्या सहा बदलायच्या.

ती बराच वेळ गप्प.
मग आत जाऊन केस वाळवायचं यंत्र घेऊन आली.
पट्ट्या ऊब देऊन सोडवल्या आम्ही,
वहीच्या कोऱ्या पानांवर चिकटवल्या.
एक फाटली.
वर्ष आलं वहीत, महिना बॅटरीवरच राहिला
आणि न्यूननहून आलेल्या पोरानं
तो बाकीच्या शिशाबरोबर ट्रकमध्ये चढवला.

नव्यांवर नवी पट्टी.
"तू लिही," ती म्हणाली, "माझा हात कापतो."
लिहिलं. लिहून झाल्यावर ध्यानात आलं,
सवयीनं देवनागरी आकडे उमटले होते.
एक्स्चेंजच्या नोंदवहीत लिहायचो तसे.
"हे काय?"
चौदा.
"पुन्हा म्हण."
चौदा.
तिनं त्यावर बोट फिरवलं,
जणू उकार कुठं, वेलांटी कुठं, ते पाठ करतेय.

रविवारी केतकीनं धुतलेले कपडे काढले मशीनमधून.
माझ्या नव्या पँटला मांडीवर
मोहरीएवढी भोकं, सात-आठ.
ॲसिड तेव्हा दिसत नाही. धुतल्यावर दिसतं.
"बाबा! काय केलंत हे?"
एकोणतीस वर्षं घरात हेच वाक्य ऐकलं,
फक्त सुरुवातीला 'अहो' होतं.

कुंपणापलीकडे, गॅरेजात,
चार्जर गुणगुणत होता.